दीड कोटींचा मुलगा



आज स्वयंपाकघर सोडून थोडं क्रिकेटबद्दल. आपल्याकडे जेवणं सूर्यास्ताआधीच आटोपतात, त्यामुळे साडेसातला आयपीएल सुरू होतं तेव्हा सगळं घर टीव्हीसमोर मोकळं बसलेलं असतं. आणि आमच्या अहमदपूरच्या घरात तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरचं नाव निघालं की वाद अजून पेटतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकून हा मुलगा आला आणि आठवड्याभरात बेंगळुरूच्या लिलावात उभा राहिला. मूळ किंमत ३० लाख. मुंबई, लखनौ, चेन्नई तिघांनीही बोली चढवली आणि चेन्नईने दीड कोटींना घेतला. लातूरच्या पलीकडचा आपल्या भागातला पोरगा! २०२०मध्ये कोरोनाने त्याचे वडील गेले होते. त्या वर्षी आपल्यातल्या किती घरांत काय झालं ते आठवलं की ही बातमी नुसती खेळाची वाटत नाही.

पुढे २०२२चा सगळा हंगाम तो बाकावर बसला. ३१ मार्च २०२३ला अहमदाबादेत पहिला सामना मिळाला, ३६ धावांत ३ बळी घेतले. दुसऱ्या सामन्यात मार पडला, बळी एकही नाही. त्या हंगामात मग तो मैदानात दिसलाच नाही. नोव्हेंबर २०२४च्या लिलावात लखनौने त्याला घेतलं, तेही पुन्हा ३० लाखांनाच.

आमचे भाऊजी म्हणतात, "दीड कोटी पाण्यात गेले." माझं म्हणणं वेगळं आहे. ती किंमत त्या पोराने मागितली होती का? तीन धनिकांची चढाओढ झाली, आकडा वाढला. तो आकडा त्याच्या कपाळावर चिकटवून दोन सामन्यांत हिशोब मागायचा, हे मला पटत नाही. आपण नवीन सुनेलाही पहिल्या पोळीवरून जोखत नाही (काही जणी जोखतात, ते सोडा).

पुण्याचा ऋतुराज गायकवाड बघा. चेन्नईने त्याला २० लाखांना घेतलं, २०१९मध्ये एकही सामना दिला नाही. २०२०मध्ये पहिल्या तीन डावांत त्याने ०, ५, ० केल्या. तरी पुन्हा संधी मिळाली आणि त्याच हंगामाच्या शेवटी सलग तीन अर्धशतकं झाली. २०२१मध्ये ६३५ धावा, स्पर्धेत सर्वांत जास्त. फलंदाज आणि गोलंदाज सारखे नसतात, हे भाऊजींचं म्हणणं मान्य. पण तीन डाव फसल्यावर थांबणारं कुणीतरी त्याला मिळालं, एवढं तर दिसतं ना?

हे सांगायचं कारण म्हणजे, आपल्या गल्ल्यांतली पोरं आता क्रिकेटसाठी पुण्याला जायचं म्हणतात. मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने विचारलं, "पाठवू का गं? त्या हंगरगेकरचं काय झालं बघितलंस ना?" मी म्हटलं, बघितलं. तुळजापूरहून निघून विश्वचषक जिंकला आणि विशीतच तीन बळी घेऊन दाखवले. पाठव. फक्त लिलावाचा आकडा त्याच्यासमोर काढू नकोस, आणि दोन वर्षं तरी पाहुण्यांना "काय करतो मुलगा?" याचं उत्तर तू स्वतः दे, त्याला द्यायला लावू नकोस.

तिने अजून ठरवलेलं नाही.