फॅरोंची सनावळी आणि पुराव्याची शिस्त

प्राचीन इजिप्तवरील कोणतेही पुस्तक उघडले की राजांची सनावळी समोर येते. जोसर, खुफू, हत्शेपसुत, तुतनखामुन, दुसरा रामसेस, आणि प्रत्येकाच्या नावापुढे इसवी सनापूर्वीची वर्षे. सुमारे तीन हजार वर्षांचा कालखंड आणि तीस राजवंश इतक्या नीटसपणे मांडलेले असतात की, ही वर्षे तिथल्या मंदिरांच्या भिंतींवर कोरलेलीच असावीत असे वाटते. तसे नाही. त्या सनावळीतील प्रत्येक वर्ष नंतरच्या माणसांनी, दोनशे वर्षांच्या वादविवादातून आणि अनेक दुरुस्त्यांनंतर ठरवलेले आहे. आपल्या देशात प्राचीनत्वाच्या बातम्या वरचेवर येत असताना ही कथा विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावी, असे मला वाटते.

इजिप्शियनांकडे शक किंवा संवतासारखी अखंड वर्षगणना नव्हती. नवा राजा गादीवर आला की पुन्हा वर्ष पहिले. पिरॅमिडांच्या काळात तर वर्षे गुरांच्या शिरगणतीवरून ओळखली जात. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जार्फ येथे पपायरसचे लेख सापडले. गिझाच्या बांधकामासाठी तुरा येथील चुनखडक वाहून नेणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी त्यांत आहे. या लेखांमध्ये खुफूच्या राज्यातील ‘तेराव्या गणतीनंतरचे वर्ष’ असा उल्लेख येतो. गणती दोन वर्षांतून एकदा होत असेल, तर हे सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपासचे. पण काही राजांच्या काळात ती लागोपाठच्या वर्षीही झालेली दिसते. म्हणजे अस्सल, समकालीन कागद हाती असूनही वर्षांचा हिशेब एका गृहीतकावर अवलंबून राहतो.

राजांच्या याद्याही निर्दोष नाहीत. अबिडोस येथील पहिल्या सेतीच्या मंदिरात पूर्वीच्या राजांच्या नावांची लांबलचक ओळ कोरलेली आहे. सुमारे दोन दशके राज्य करणारी हत्शेपसुत तीत नाही. अखेनातेन नाही, तुतनखामुनही नाही. पूर्वजांना नैवेद्य अर्पण करण्यासाठी कोरलेली ती यादी होती, आणि नकोसे पूर्वज तिच्यातून गाळले गेले. तुरीन येथील संग्रहालयात असलेला पपायरस अधिक तपशीलवार आहे. कराच्या जुन्या हिशेबाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेल्या या यादीत कारकिर्दींची वर्षे आणि काही ठिकाणी महिने व दिवसही नोंदवलेले आहेत. परंतु त्याच्या चिंध्या झाल्या आहेत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील मनेथो या पुरोहिताने ग्रीक भाषेत लिहिलेला इतिहास, ज्यावरून आपण आजही राजवंश मोजतो, तो तर मूळ रूपात उरलेलाच नाही. इतरांनी घेतलेल्या उताऱ्यांतून तो आपल्यापर्यंत पोहोचला.

मग वर्षे ठरली कशी? एक आधार आकाशाचा होता. इजिप्तचे नागरी वर्ष ३६५ दिवसांचे होते आणि त्यात अधिक दिवस नव्हता. त्यामुळे सूर्योदयापूर्वी व्याधाचा तारा प्रथम दिसण्याचा दिवस दर चार वर्षांनी पंचांगात एका दिवसाने पुढे सरके. एखाद्या राजाच्या कारकिर्दीत व्याधदर्शनाची तारीख नोंदलेली असली की गणिताने वर्ष काढता येते. मात्र हे निरीक्षण उत्तरेला मेम्फिसजवळ झाले की दक्षिणेला एलिफंटाइन बेटावर, यावर उत्तर बदलते.

दुसरा आधार विसाव्या शतकात आला. विलार्ड लिबी यांनी किरणोत्सर्गी कार्बनावरून वय काढण्याची पद्धत मांडली. ती खरी उतरते का हे पाहण्यासाठी त्यांना वय आधीच ठाऊक असलेल्या वस्तू हव्या होत्या. १९४९ मध्ये त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत जोसर राजाच्या थडग्यातील लाकूड होते. म्हणजे ही पद्धत जन्मली तेव्हा इजिप्तचा इतिहास तिचा परीक्षक होता. पुढे मोजमापे अधिक सूक्ष्म झाली आणि एक अडचण उभी राहिली. प्राचीन राज्यातील वस्तूंची कार्बनवये इतिहासकारांच्या तारखांपेक्षा काही शतकांनी कमी निघू लागली. चूक कोणाची? कॅलिफोर्नियातील दीर्घायुषी पाइन वृक्षांच्या वर्तुळांनी निवाडा केला. वातावरणातील किरणोत्सर्गी कार्बनाचे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते, त्यामुळे कार्बनवयांनाच दुरुस्तीची गरज होती. येथे इतिहासकार सत्याच्या अधिक जवळ होते आणि प्रयोगशाळेने ते मान्य केले.

पुढे मदत उलट दिशेने झाली. २०१० मध्ये ख्रिस्तोफर ब्राँक रॅम्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात २११ नमुन्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. इजिप्तमधून नमुने बाहेर नेण्यास बंदी असल्याने ते इतर देशांतील संग्रहालयांतून मिळवलेले होते. त्यांनी लाकूड टाळले. बिया, फळे, टोपल्या, कापड अशा अल्पायुषी वनस्पतींच्या वस्तू निवडल्या. जुन्या झाडाचा गाभा तोडणीच्या आधीच शेकडो वर्षांचा असू शकतो, आणि वाळवंटी प्रदेशात जुनी तुळई पुन्हा वापरली जाते. बी मात्र एका हंगामाचे असते. राजांचा क्रम आणि कारकिर्दींची लांबी लेखांतून घेतली, प्रत्यक्ष काळ बियांतून. दोन्ही संख्याशास्त्राने जोडल्यावर जोसरचे राज्यारोहण इ.स.पू. २६९१ ते २६२५ या दरम्यान, आणि नव्या राज्याचा आरंभ इ.स.पू. १५७० ते १५४४ या दरम्यान आला. २०१३ मध्ये मायकेल डी यांच्या गटाने याच मार्गाने पहिल्या राजवंशातील अहाचे राज्यारोहण इ.स.पू. ३१११ ते ३०४५ या दरम्यान, ६८ टक्के संभाव्यतेने, दाखवले.

या आकड्यांतील ‘ते’ आणि ‘दरम्यान’ हे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. बातमीत ते गळून पडतात, कारण एकच ठाम वर्ष मथळ्यात शोभून दिसते. पण आपण कुठवर चुकू शकतो हे सांगणारा संशोधकच दुसऱ्याला ती चूक शोधण्याची वाट मोकळी करून देतो.

या सनावळीशी आपला संबंध केवळ कुतूहलाचा नाही. अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात समकालीन परकीय राजांची नावे घेतली आहेत, आणि त्यांतील ‘तुरमय’ म्हणजे इजिप्तचा अधिपती दुसरा टॉलेमी. तो आणि त्याच्यासोबत उल्लेखलेले इतर राजे कधी राज्य करीत होते, हे ठाऊक असल्यामुळेच अशोकाचा काळ निश्चित करता आला. मौर्यांच्या सनावळीचा एक खांब असा नाईलच्या काठी रोवलेला आहे. आपल्या पुराणांतील राजवंशावळी उपयोगी आहेत, परंतु मनेथोच्या यादीइतकीच त्यांचीही बाहेरच्या पुराव्याशी पडताळणी करावी लागते. त्यात त्यांचा अपमान नाही.

जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडू शासनाने शिवगळै येथील लोखंडासंबंधीचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि इ.स.पू. ३३४५ हे वर्ष देशभर गाजले. एकाहून अधिक प्रयोगशाळांतून मोजमापे करून ती प्रसिद्ध केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र समाजमाध्यमांवर लगेच दोन तट पडले. एकाला ते वर्ष प्रांताच्या अभिमानासाठी हवे होते, दुसऱ्याला ते त्याच कारणासाठी नको होते. नमुना कोळशाचा होता की धान्याचा, तो लोखंडाच्या किती निकट आणि कोणत्या थरात सापडला, हे विचारणारे थोडेच होते. जोसरच्या बाबतीत लाकूड टाळण्याचे जे कारण होते, तेच कोळशालाही लागू पडते. एवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही; पुढे काय तपासायचे ते मात्र कळते. हाच प्रश्न कीळडीला, राखीगढीला आणि उद्याच्या प्रत्येक उत्खननाला विचारायला हवा. आपल्याला प्रिय असलेल्या स्थळांनाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. ‘इतक्या हजार वर्षांपूर्वीचे’ असे वाचले की चार गोष्टी शोधा: नमुना कशाचा, एकूण नमुने किती, काळाची मर्यादा कुठून कुठपर्यंत, आणि दुसऱ्या कोणी ते पडताळले का. उत्तरे मिळाली नाहीत, तर बातमी पुढे पाठवण्याची घाई नको. आणि शासनांकडे आपली मागणी असावी ती उत्खननांचे संपूर्ण अहवाल वेळेवर प्रसिद्ध करण्याची, ते कोणाच्या बाजूने जातात हे न पाहता. अबिडोसच्या भिंतीवरून तुतनखामुनचे नाव गाळले गेले होते, तरी १९२२ मध्ये त्याचे थडगे सापडलेच. त्याला तीन हजारांहून अधिक वर्षे लागली. आपल्या अहवालांना इतका वेळ लागू नये.