मीठ कोणत्या गावचं?

आमच्या घरात चीन शिरला तो दिवाळीच्या सुट्टीत, चिरंजीवांच्या मोबाईलमधून. चिरंजीव पुण्याला एका कंपनीत आहेत. कंपनीचे सुटे भाग चीनहून येतात, म्हणून साहेबांना चिनी शिकण्याची हौस. आता भाषा शिकायची तर माणसाने पुस्तक आणावं. पण हे पडले इंजिनियर! त्यांनी रात्री जागून शब्द पाठ करून घेणारं यंत्रच तयार केलं. पडद्यावर एक कार्ड येतं. पुढे चिनी अक्षर, उलटलं की मराठी अर्थ. आठवला तर ते कार्ड चार दिवस तोंड दाखवत नाही. विसरलात तर उधारी वसूल करणाऱ्या वाण्यासारखं दहा मिनिटांत पुन्हा दारात हजर.

"बाबा, हे कोणावर तरी तपासून पाहायला हवं," चिरंजीव म्हणाले, "तुमचं डोकं रिकामंच असतं."

सौ.ने या शास्त्रीय निरीक्षणाला तत्काळ अनुमोदन दिलं.

पंधरा दिवस मी चिनी शिकलो. 'मा' म्हणजे आई. तोच 'मा' जरा हेल बदलून म्हटला की घोडा, आणखी बदलला की रागावणे. 'माय' एका सुरात म्हटलं तर विकत घेणे, दुसऱ्या सुरात म्हटलं तर विकणे! ज्या भाषेत घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा फरक नुसत्या हेलात आहे, तिच्या लोकांशी व्यापार करणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार.

चिरंजीवांनी मला या विद्येचा इतिहासही ऐकवला. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं पाठ करकरून १८८५ साली सिद्ध केलं की माणूस विसरतो. (आमच्या मास्तरांना हे छडीनिशी ठाऊक होतं.) मग १९७२ साली लाइटनर नावाच्या दुसऱ्या एकाने कप्प्याकप्प्यांची कार्डपेटी सुचवली, आणि २००६ साली 'अंकी' नावाचं सॉफ्टवेअर निघालं. आमच्या चिरंजीवांचं यंत्र त्याच घराण्यातलं.

सोळाव्या दिवशी मी सहज म्हणालो, "हेच गोंडीसाठी कर की."

चिरंजीव हसले. "बाबा, गोंडी शिकणार कोण? उपयोग काय?"

इथे माझं डोकं फिरलं, आणि हा लेख म्हणजे त्या फिरलेल्या डोक्याचा शिल्लक माल आहे.

उपयोग काय म्हणजे? २०११ च्या जनगणनेत २९ लाख ८४ हजार माणसांनी आपली मातृभाषा गोंडी सांगितली. संस्कृत सांगितली २४,८२१ जणांनी. संस्कृत घटनेच्या आठव्या अनुसूचीत ऐटीत बसली आहे, गोंडी अजून दाराबाहेर. संस्कृतशी माझं भांडण नाही. पण 'ड्युओलिंगो' नावाचं शिकवणीचं जे जगप्रसिद्ध दुकान आहे ना, तिथे क्लिंगॉन शिकवतात. क्लिंगॉन ही दूरदर्शन मालिकेतल्या, कुठल्याही ग्रहावर नसलेल्या लोकांची भाषा. नसलेल्या माणसांशी बोलायची सोय आहे, असलेल्यांशी नाही!

आणि आम्ही राहतो कुठे? चंद्रपुरात. गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या आत. जटपुरा गेटमधून जाता-येता आमची हयात गेली. १९६४ साली चांद्याचं चंद्रपूर केलं, १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा काढला. सगळं रीतसर झालं. पण आमच्या आळीत 'पाण्याला गोंडीत काय म्हणतात?' विचारा, सगळे आभाळाकडे पाहतील. 'एर'. दोन अक्षरं आहेत हो! कुठे चिनी जीभ वळवायची, आणि कुठे हे.

मी तरी कोण मोठा लागून गेलो? नोकरीत तीन वर्षं गडचिरोलीच्या पूर्वेला, पार जंगलात काढली. खातं कुठलं ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. तीन वर्षांत शिकलो एक शब्द, 'जोहार'. बाकी सगळं शिपाई सांभाळायचा. एकदा एक म्हातारा आला. टेबलापाशी उभा राहून चांगला पाव तास बोलला. मधे हात वर करून काही दाखवलं, मधे थांबला, पुन्हा बोलला. शिपाई माझ्याकडे वळून म्हणाला, "काही नाही जी, कागद पाहिजे." मी कागद दिला. पाव तासाचे चार शब्द झाले, आणि ते मला पुरले.

आम्ही नाही शिकलो, मग शिकलं कोण? सहा वर्षांचं पोर. त्याला आश्रमशाळेत बसवलं. भिंतीवर तक्ता, 'य यज्ञाचा'. पोराला तहान लागली, ते म्हणालं 'एर'. गुरुजी थांबले 'पाणी' ऐकायला. इतकी वर्षं ही सगळी कार्डं त्या पोराच्याच हातात कोंबली आहेत. आणि त्याला आठवलं नाही की आपण शेरा मारतो, 'अभ्यासात मंद'. पगार घेणाऱ्या, पोटभर जेवलेल्या मोठ्या माणसाने तीनशे शब्द पाठ करावेत, हे कोणाला सुचत नाही. ज्यांना सुचलं त्यांचं अडलं का? लाइटनरची पेटी निघाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९७३ साली, हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे माडिया शिकले, पेटीशिवाय. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळाच काढली.

माझं भाषण संपेना म्हणून असेल, चिरंजीवांनी एका जुन्या शब्दसूचीवरून गोंडीची कार्डं केली. उंदी, रंड, मूंद. रोन म्हणजे घर, नार म्हणजे गाव. माझी प्रगती पाहून सौ. थक्क झाली. त्याच सुमारास आमचा तो जुना शिपाई डोळे दाखवायला चंद्रपूरला आला आणि आमच्याकडेच उतरला. मी मोठ्या ऐटीत मोबाईल त्याच्यापुढे धरला. कार्ड आलं, 'मीठ'.

"ओवर," तो म्हणाला.

यंत्राने लाल फुली मारली आणि वर 'टुईं' असा आवाज काढला. बरोबर उत्तर, 'सोवर'.

"हे कोणत्या गावचं मीठ, साहेब?" तो हसून म्हणाला. "इकडच्या लोकांचं असंल. मधात 'होवर' म्हणतात. आमच्या डोंगरात ओवर."

सुरतेकडे 'सारू'चं 'हारू' होतं, तसंच हे. वाटेत 'स'चा 'ह' होतो, आणि डोंगर चढताना तोही गळून पडतो. चीनच्या सरकारने १९५६ साली एक प्रमाण बोली ठरवून तिचा प्रसार चालवला, तिथे एका कार्डाला एक उत्तर चालतं. इथे एका मिठाची तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. आमच्या यंत्राने मात्र एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच मातृभाषेत नापास केलं! शाळा काढायचीच काय ती बाकी होती.

चिरंजीवांना फोन केला. ते आधी म्हणाले, "डेटा चुकीचा आहे." मी म्हणालो, "डेटा इथे बसून पोहे खातोय, त्याच्याशी बोल." दोघं तासभर बोलले. आता एका कार्डामागे तीन-तीन शब्द येतात, प्रत्येकाखाली मुलूख लिहिलेला. शिपाई म्हणतो, अजून पुष्कळ चुका आहेत. चिरंजीव नाताळात येणार आहेत, तेव्हा त्यांना तो गावी घेऊन जाणार आहे.

रात्री जेवणं झाल्यावर मी त्याला हळूच विचारलं, "तो म्हातारा आठवतो का रे? पाव तास बोलला आणि तू म्हणालास, कागद पाहिजे. काय बोलत होता तो?"

तो जरा वेळ आठवत राहिला.

"कोणता म्हातारा, साहेब?" तो म्हणाला. "असे तर रोजच येत होते जी."