शपथपत्र नावाची संहिता

आत्मचरित्रात निवेदकाने काय गाळले, हे शोधण्यात आपल्या विद्यापीठांतले कितीतरी प्रबंध खर्ची पडले आहेत. उमेदवाराचे शपथपत्र, म्हणजे नमुना २६, हेही एक आत्मकथनच आहे. त्याकडे मात्र मराठीचे विभाग ढुंकूनही पाहत नाहीत. औसा मतदारसंघात निवडणूक लागली की हे कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या सूचनाफलकावर लागतात. वृत्तपत्रे त्यातून कोटींचा एक आकडा उचलतात आणि तिथेच वाचन संपते.

हा मजकूर राज्यकर्त्यांनी खुशीने लिहिलेला नाही. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मागितला. संसदेने त्याच वर्षी कायदा करून मतदाराला मालमत्तेची माहिती देणे टाळू पाहिले; १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती पळवाट बंद केली. आज ठेवी, शेअर, शेतजमीन, बिगरशेती भूखंड, खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत, आजचा बाजारभाव, सारे रकान्यांत भरावे लागते.

खरी मेख 'कुटुंब' या शब्दात आहे. पती वा पत्नी, अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असणारे, एवढ्यांचीच मालमत्ता सांगायची. मिळवता मुलगा, भाऊ, सासू या व्याख्येबाहेर राहतात. ज्या मराठवाड्यात राजकारण घराण्याच्या नावाने चालते, तिथे मालमत्तेपुरते घराणे असे अचानक आक्रसते! नांदेडचे अशोक चव्हाण यांना नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, ते मुंबईच्या 'आदर्श' इमारतीत नातेवाइकांच्या नावे असलेल्या सदनिकांवरून. खटल्यासाठी राज्यपालांनी दिलेली परवानगी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली. म्हणून दोषाचा निवाडा इथे करायचा नाही. परंतु ज्या नात्यांवरून सरकारचा प्रमुख बदलला, त्यांतल्या अनेकांना नमुन्यात जागाच नाही, याचे काय?

दुसरे असे की, पीककर्ज मागणाऱ्या औशाच्या शेतकऱ्याचा सातबारा आणि आठ-अ तपासल्याशिवाय बँक पैसा देत नाही. उमेदवाराच्या शपथपत्राचा खरेखोटेपणा मात्र छाननीत तपासला जात नाही. खोटे लिहिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड आहे खरा. पण आधी कोणीतरी ते वाचून तक्रार करायला हवी.

'हे हिशेबनिसांचे काम' असा आक्षेप येईल. प्रत्येक किरकोळ वस्तू जाहीर करण्याची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२४ मध्ये म्हटले आहे. घड्याळ, चपला सोडून देऊ. पण गट क्रमांकांचे काय? एकाच व्यक्तीची तीन निवडणुकांतली शपथपत्रे शेजारी ठेवली, तर कोणता गट नाहीसा झाला, कोणती शेतजमीन बिगरशेती झाली, कोणते कर्ज कोणत्या जवळच्या संस्थेकडून आले, हे दिसते. पाठभेदांची चिकित्सा ती हीच. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांसाठी आपण ती शिकलो; आपल्या आमदाराच्या संहितेला ती लावायला आपल्याला संकोच का वाटतो?