सर्वांची पेटी



आपल्याकडे एक जुनी म्हण आहे : ‘बारभाईंची शेती, काय लागेल हातीं ?’ जी वस्तु सर्वांची, तिची निगा कोणीच राखीत नाहीं, असा या म्हणीचा रोख आहे. गेल्या वर्षीं आपल्या शाळेच्या कार्यशाळेंत जें घडलें, त्यावरून ही म्हण खरी ठरली असें कित्येक पालकांनीं मजजवळ बोलून दाखविलें. कार्यशाळेंतील सामाईक ड्राइव्ह बंद करावा आणि ज्यानें त्यानें आपलें काम आपल्या पेनड्राइव्हवर ठेवावें, अशी त्यांची सूचना आहे. सूचना सद्धेतूची असली तरी मला ती मान्य नाहीं. कां नाहीं, तें सांगण्यासाठीं हा लेखप्रपंच.

ज्यांनीं ही कार्यशाळा पाहिलेली नाहीं त्यांच्याकरितां प्रथम थोडी माहिती देतों. दर शनिवारीं शाळा सुटल्यावर ती शेजारच्या वस्तीलाही खुली असते. विद्यार्थी, सुतार, शिवणकाम करणाऱ्या भगिनी अशीं नाना प्रकारचीं माणसें तेथें येतात. संगणकावर आकृति काढावयाची आणि लेझर कटर किंवा थ्री-डी प्रिंटर या यंत्रांकडून ती प्रत्यक्षांत उतरवावयाची, असें हें काम. आकृति एका संगणकावर काढली जाते, यंत्र दुसऱ्यास जोडलेलें असतें. म्हणून कोपऱ्यांत एक लहानशी पेटी ठेविली आहे. तिच्यांत दोन हार्ड डिस्क असून ती राउटरच्या द्वारें सर्व संगणकांस जोडलेली आहे. कोणत्याही संगणकावरून तिच्यांतील फाईल उघडतां येते. हाच आपला सामाईक ड्राइव्ह.

गेल्या श्रावणांत हा ड्राइव्ह भरत आला. नवी फाईल आंत जाईना. एका शनिवारीं सायंकाळीं मीं एकट्यानेंच साफसफाई करावयास घेतली. आंत पाहतों तों ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘शेवटचें’, ‘खरें शेवटचें’ अशा नांवांचे कितीतरी फोल्डर ! कोणाचे, कशाचे, कांहींच बोध होईना. हें सारें टाकाऊ असेल, असें मनाशीं ठरवून ‘नवीन २’ मीं पुसून टाकला. तो नववींतील एका मुलीचा होता. तिच्या आजोबांचीं बोटें संधिवातानें आखडलेलीं असल्यामुळें त्यांस साधा चमचा धरवत नसे. त्यांच्या मुठींत नीट बसेल असा चमच्याचा दांडा ती तीन आठवडे खपून तयार करीत होती.

सोमवारीं तिनें फोल्डर शोधला, तो सांपडेना. मित्रहो, येथें मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ‘सर, कोणी पुसलें असेल का ?’ असें तिनें विचारिलें तेव्हां ‘पाहूं’ एवढेंच मी म्हणालों. दोन दिवस मी गप्प राहिलों, आणि त्या दोन दिवसांत दोन निरपराध मुलांवर सर्वांचा संशय गेला. बुधवारीं वर्गापुढें उभें राहून मीं सांगितलें, ‘तें काम मीं पुसलें.’ हें वाक्य उच्चारणें मला जड गेलें. पण त्या दोन मुलांना तें दोन दिवस किती जड गेले असतील!

दोष पेटीचा नव्हता. माझ्या अज्ञानाचा आणि घाईचा होता. आपल्या संगणकावरची फाईल पुसली तर ती बहुधा रिसायकल बिनमध्यें सांपडते. नेटवर्क ड्राइव्हवरची फाईल सहसा तेथें जात नाहीं, ती कायमची जाते. दुसरें असें कीं, पेटींत दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती आहेत, अशा समजुतींत मी होतों. वास्तविक त्या आरशाप्रमाणें चालतात. एकीवर लिहिलें तें तत्क्षणीं दुसरीवर उमटतें आणि एकीवर पुसलें तें दुसरीवरही पुसलें जातें. एक डिस्क बिघडली तर दुसरी उपयोगी पडेल. माणूस चुकला तर दोन्हींचा उपयोग नाहीं. त्या मुलीचें काम वांचलें तें तिच्या वहीमुळें. प्रत्येक माप तिनें पेन्सिलीनें तींत टिपून ठेविलें होतें. त्यावरून सहा दिवसांत तिनें सर्व आकृति पुन्हां काढिली.

मग पेनड्राइव्ह बरा, असें कोणी म्हणेल. परंतु तो खिशांत हरवतो, कपड्यांबरोबर धुतला जातो, आणि एका संगणकावरचा व्हायरस दुसऱ्यावर नेतो. याहून मोठी हानि अशी कीं, एकाचें काम दुसऱ्याच्या दृष्टीस पडत नाहीं. आपल्या येथें एका भगिनीनें काढलेला पिशवीचा नमुना पाहून आठवींतील एका मुलानें सुताराच्या हत्यारांची थैली बेतली. दोघांचीं कामें दोन खिशांत राहिलीं असतीं तर हें घडलें नसतें.

‘पण माझ्या मुलाची कल्पना दुसरा चोरील,’ ही पालकांची दुसरी शंका. परीक्षेंत शेजाऱ्याचा पेपर पाहून लिहिणें ही चोरी खरीच. परंतु कार्यशाळेंत दुसऱ्याचें काम, त्याचें नांव कायम ठेवून, पुढें नेणें हें शिक्षण आहे. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या बाहेर पहिली ‘फॅब लॅब’ २००२ सालीं निघाली ती याच आश्रमांत. अशा प्रयोगशाळांच्या सनदेंत असें तत्त्व आहे कीं, संशोधकानें आपली कृति हवी तर सुरक्षित करावी, विकावीही. परंतु इतरांना ती वापरून शिकतां यावी अशी मोकळी ठेवावी. स्वामित्व आणि औदार्य यांची ही सांगड मला योग्य वाटते.

मात्र मोकळेपणा म्हणजे बेबंदपणा नव्हे. म्हणून पुढील नियम आम्हीं केले आहेत. प्रत्येक फाईलच्या नांवांत करणाऱ्याचें नांव, वस्तूचें नांव व तारीख असावी. तारखेंत वर्ष आधीं, मग महिना, मग दिवस लिहावा. म्हणजे फायली आपोआप क्रमानें लागतात. दुसऱ्याची फाईल सर्वांस पाहतां येईल, पण बदलतां अथवा पुसतां येणार नाहीं; बदल करावयाचा असेल त्यानें स्वतःची प्रत घ्यावी. ड्राइव्हलाही स्वतःची कचरापेटी असूं शकते. ती आतां चालू केली आहे. दर शनिवारीं सर्व कामाची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन, ती डिस्क जोडणींतून काढून कार्यालयाच्या कपाटांत ठेवावी. हें काढून ठेवणें अगत्याचें आहे. २०१७ सालच्या मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’ नांवाचा घातक प्रोग्राम नेटवर्कमधून पसरला आणि त्यानें अनेक देशांतील संगणकांवरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असा प्रोग्राम जोडलेल्या डिस्कपर्यंत पोहोंचूं शकतो. कपाटांतल्या डिस्कपर्यंत नाहीं. आणि शेवटचा नियम शिक्षकांकरितां : धन्यास विचारल्यावांचून कांहींही पुसूं नये.

पालकांना माझी विनंति एवढीच कीं, एका चुकीसाठीं सर्वांची पेटी बंद करवूं नका. सामाईक वस्तूचा कारभारी होण्याचें शिक्षण मुलांना पुढें ग्रामपंचायतींत, सोसायटींत, कचेरींत उपयोगी पडेल, आणि तें खासगी पेनड्राइव्हवर मिळत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एक काम सांगतों. प्रत्येक सत्राच्या आरंभीं कपाटांतील डिस्क काढून तिच्यावरची एखादी जुनी फाईल उघडून पाहा. उघडली तरच ती प्रत खरी समजा. प्रारंभ त्या चमच्याच्या दांड्यापासून करा. त्यावर आतां करणारीचें नांव आहे, आणि वस्तींतील एका गृहस्थांनीं त्याचीच प्रत घेऊन आपल्या आईच्या हाताच्या मापाचा दुसरा दांडा करून नेला आहे.