साखर लपवून आटोक्यात येत नाही

दिल्लीतल्या मराठी घरात कुणाला नव्याने मधुमेह निघाला की दोन सल्ले हमखास मिळतात. ‘ऑफिसात कुणाला कळू देऊ नकोस’ हा पहिला आणि ‘आजपासून भात बंद, पोळी खा’ हा दुसरा. करोल बागेत दुकानावर बसणारे काका असोत की गुरुग्रामच्या सायबर सिटीत नोकरी करणारी भाची, दोघांनाही हेच ऐकवलं जातं, आणि तेही मायेपोटी. या दोन्ही सल्ल्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. पहिल्यामुळे माणूस एकटा पडतो, दुसऱ्यामुळे तो खोट्या समाधानात राहतो, आणि तेवढ्या काळात साखर आपलं काम करत राहते.

‘लपवा’ म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट ऐकून घेऊ. खासगी नोकरी, त्यात प्रोबेशन किंवा कंत्राट. एकदा ‘आजारी’ असा शिक्का बसला की बढती, दौरे, महत्त्वाचं काम दुसऱ्याकडे जातं, असं त्यांचं म्हणणं. ही भीती खरी आहे. पण मधुमेह म्हणजे आळशीपणाचा आणि खादाडपणाचा पुरावा, ही समजूत तिच्या मुळाशी आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिहार तुरुंगात असलेले मधुमेही आणि दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी आंबे किती खाल्ले, यावर दिल्लीच्या न्यायालयात वाद झाला. खटल्यात कुणाची बाजू बरोबर हा प्रश्न इथे नाही. पण मधुमेही माणसाच्या ताटाकडे संशयाने पाहायची सवय किती खोल आहे, ते तेव्हा साऱ्या देशाला दिसलं.

ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिआब’ पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये आले. देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे; दिल्लीत हे प्रमाण १७.८ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आहे. म्हणजे दिल्लीत साधारण सहा प्रौढांमागे एक. इतके सगळे एकाच वेळी बेशिस्त झाले, असं कोण म्हणेल? आनुवंशिकता, पोटाभोवतीची चरबी, अपुरी झोप, रात्रपाळी ही कारणं आहेतच. शिवाय दिल्ली आणि चेन्नईतल्या बारा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात हवेतल्या सूक्ष्म कणांचं वार्षिक प्रमाण दहा मायक्रोग्रॅमने वाढलं की मधुमेहाचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. ज्या हवेत आपण सगळेच श्वास घेतो, तिचा दोष एकट्या रुग्णाच्या माथी मारता येणार नाही.

लपवण्याची किंमत मात्र रोज मोजावी लागते. मीटिंग तीनपर्यंत लांबते, जेवण हुकतं, चारला चहाबरोबर दोन सामोसे पोटात जातात. दुपारची गोळी राहून जाते. इन्सुलिन घेणारा टॉयलेटमध्ये उभ्याने सुई टोचतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण चुकलं, तर साखर सत्तरच्या खाली उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, आणि ज्यांना काही ठाऊक नाही त्यांना माणूस प्यायलेला वाटतो. तेव्हा शेजारच्याला एवढंच माहीत हवं: शुद्धीवर असेल तर पाण्यात तीन चमचे साखर द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता थेट इस्पितळ गाठायचं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं क्वचितच होतं, त्यामुळे घाबरून जाण्याचं कारण नाही. पण आपल्याला कोणती गोळी चालू आहे, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्यायला हवं.

आता भात आणि पोळी. २०२५ मध्ये ‘इंडिआब’च्याच आहारविषयक अभ्यासाने दाखवलं की भारतीयांच्या जेवणातले सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्याचं पीठ आणून भागत नाही. पिष्टाचं एकूण प्रमाण कमी करून डाळी आणि दुधातली प्रथिनं वाढवली, तर धोका कमी दिसतो. चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी हा डबा भाताइतकाच साखर वाढवणारा. उपासाची साबुदाणा खिचडी, ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेला गूळ, शुगर-फ्री बिस्किटांतला मैदा यांनाही हेच लागू. दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं, हा वाद महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या आहारपद्धतीमुळे घरोघरी पोचला. गोळ्या चालू असलेल्याने मात्र डॉक्टरांकडून डोस बदलून घेतल्याशिवाय एकही जेवण वगळू नये. आणि कारल्याचा रस हा औषधाला पर्याय नाही.

मग करायचं काय? डब्याचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग उसळ, वरण, पनीर किंवा अंड्याचा आणि उरलेल्या पाव भागात पोळी किंवा भात. यासाठी परकं काही शिकायला नको. मटकीची उसळ, पिठलं, ताक आपल्या घरचंच आहे. दिल्ली त्यात राजमा, भटुऱ्याविना छोले आणि हिवाळ्यातली मेथी, पालक, मुळ्याची भर घालते. चारच्या चहाला भाजलेले चणे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं, आणि नोव्हेंबरची हवा बिघडली की ते इमारतीच्या आतल्या आत.

ऑफिसात सगळ्यांना सांगायची गरज नाही. वरिष्ठ आणि शेजारी बसणारा, एवढ्या दोघांना सांगा. जेवणाची सुट्टी मागताना ओशाळू नका. दिल्लीच्या १९५४ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. कंपन्यांनीही इन्सुलिनसाठी फ्रिजचा एक कप्पा, सुई घेण्यासाठी स्वच्छ जागा आणि रात्रपाळीत सवलत द्यावी. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप-१ मधुमेही मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या आणि फळं जवळ ठेवायची मुभा दिली, आणि परीक्षेची शिस्त कुठेही मोडली नाही. परीक्षेच्या वर्गात जे चालतं, ते नोएडा-गुरुग्रामच्या मीटिंग रूममध्येही चाललंच पाहिजे. रिपोर्ट हातात आला की पहिली भेट डॉक्टरांची घ्या, आणि दुसरी वरिष्ठांची. ‘माझं जेवण दीड वाजता’ हे वाक्य त्यांना सांगायला कुणाचीही परवानगी लागत नाही.