विश्लेषण : लग्न खरे, पण पगार अपुरा! ब्रिटनचा जोडीदार व्हिसा नेमका कुठे अडतो?

ब्रिटनच्या नागरिकाशी लग्न झाले की तिथला व्हिसा मिळणारच, असा समज आपल्याकडे अजूनही आहे. प्रत्यक्षात लग्न खरे असणे ही अनेक अटींपैकी फक्त एक अट आहे. बहुतेक जोडप्यांची गाडी अडते ती दुसऱ्याच आकड्यावर : ब्रिटनमध्ये राहणाऱ्या जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड, म्हणजे साधारण ३४ लाख रुपये असले पाहिजे. हा आकडा कमी करता येईल, असे ब्रिटन सरकारनेच नेमलेल्या सल्लागार समितीने जून २०२५ मध्ये सांगितले. मात्र त्या अहवालानंतर सरकारने लगेच कोणताही बदल केला नाही. या अटीचा अर्थ काय, ती कोणाला लागू होते आणि मराठी व गोवेकर कुटुंबांवर तिचा काय परिणाम होतो?

हा व्हिसा नेमका कोणासाठी?

ब्रिटनमध्ये पती किंवा पत्नीला नेण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिला मार्ग नोकरीवर गेलेल्यांचा. पुण्यातून किंवा मुंबईतून ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसावर गेलेला अभियंता आपल्या जोडीदाराला ‘डिपेंडंट’, म्हणजे अवलंबित म्हणून नेतो. इथे जोडीदारासाठी वेगळी २९,००० पौंडांची अट नाही, कारण नोकरीच्या व्हिसासाठीच पगाराची कसोटी आधी लागलेली असते. नव्या अर्जदारांसाठी ती जुलै २०२५ पासून सर्वसाधारणपणे ४१,७०० पौंड आहे. मात्र हा मार्गही अरुंद होत चालला आहे. संशोधन अभ्यासक्रम वगळता विद्यार्थ्यांना जानेवारी २०२४ पासून, तर वृद्ध आणि रुग्णांची देखभाल करणाऱ्या ‘केअर वर्कर’ना मार्च २०२४ पासून कुटुंब नेता येत नाही.

दुसरा मार्ग हा खरा ‘स्पाउस व्हिसा’. ज्याच्याकडे ब्रिटनचे नागरिकत्व किंवा तिथे कायम राहण्याचा परवाना आहे, तो मुख्यतः या मार्गाने जोडीदाराला बोलावतो. उत्पन्नाची अट आहे ती इथे.

२९,००० चा आकडा आला कुठून?

थेरेसा मे गृहमंत्री असताना जुलै २०१२ मध्ये ही अट पहिल्यांदा आली. तेव्हा रक्कम १८,६०० पौंड होती. व्हिसावर मूल सोबत येणार असेल तर पहिल्या मुलासाठी ३,८०० आणि पुढच्या प्रत्येक मुलासाठी २,४०० पौंड जास्त उत्पन्न दाखवावे लागे. एवढे उत्पन्न असेल तर कुटुंबाला सरकारी मदत घ्यावी लागणार नाही, असा त्यामागचा हिशेब होता.

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी ही मर्यादा थेट ३८,७०० पौंडांवर नेण्याची घोषणा केली. म्हणजे जवळपास दुप्पट. त्यावर गदारोळ झाला आणि वाढ टप्प्याटप्प्याने करायचे ठरले. पहिला टप्पा ११ एप्रिल २०२४ रोजी आला, तोच हा २९,००० चा. मुलांसाठीची जादा रक्कम त्याच वेळी रद्द झाली. त्यापूर्वी या मार्गावर आलेल्या जोडप्यांना मुदतवाढीसाठी जुनीच मर्यादा लागू राहिली.

जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या लेबर पक्षाच्या सरकारने पुढचे टप्पे थांबवले आणि ‘मायग्रेशन अॅडव्हायजरी कमिटी’ या सल्लागार समितीकडे आढावा सोपवला.

समिती काय म्हणाली?

३८,७०० हा आकडा मुळात कुशल कामगारांच्या व्हिसाच्या निकषातून उचललेला होता. नोकरीसाठी माणूस निवडणे आणि कुटुंब एकत्र राहू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावण्याला आधार नाही, असे समितीने स्पष्ट केले. कौटुंबिक जीवनाच्या हक्काबाबत ब्रिटनवर जी आंतरराष्ट्रीय बंधने आहेत, त्यांच्याशीही तो आकडा विसंगत ठरण्याची शक्यता समितीने दाखवून दिली.

समितीने एकच आकडा न देता पर्याय ठेवले. कुटुंबाने स्वतःच्या पायावर उभे राहावे एवढाच उद्देश असेल तर २३,००० ते २५,००० पौंड पुरेत. सरकारी तिजोरीवरचा भार कमी ठेवण्याला जास्त महत्त्व द्यायचे असेल तर २४,००० ते २८,००० पौंड. मर्यादा २४,००० च्या आसपास आणली तर निव्वळ स्थलांतरात एक ते तीन टक्केच वाढ होईल, असाही समितीचा अंदाज आहे. थोडक्यात, सध्याची मर्यादा समितीच्या दोन्ही पर्यायांपेक्षा वर आहे.

पूर्णवेळ नोकरी असूनही व्हिसा नाही?

हो, असे घडू शकते. ब्रिटनमधील प्रौढांचे किमान वेतन एप्रिल २०२६ पासून ताशी १२.७१ पौंड आहे. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे काम केले तरी हिशेब सुमारे २६,४०० पौंडांपर्यंतच जातो. किमान वेतनावर २९,००० गाठायचे तर आठवड्याला जवळपास ४४ तास भरावे लागतात. दुकान, गोदाम, हॉटेल, वृद्धाश्रम अशा ठिकाणी राबणारा ब्रिटिश नागरिक पूर्णवेळ काम करूनही स्वतःच्या नवऱ्याला किंवा बायकोला बोलावू शकत नाही. मुलांमुळे अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रियांना ही अट आणखी जड जाते. लंडन असो की स्वस्ताईचे एखादे छोटे गाव, मर्यादा देशभर एकच.

अर्जदाराचा स्वतःचा पगार चालतो का?

इथेच भारतीय कुटुंबांची सर्वाधिक फसगत होते. समजा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीचे वार्षिक उत्पन्न ४० लाख रुपये आहे आणि तिचा ब्रिटिश नवरा लंडनमध्ये २६,००० पौंड कमावतो. भारतातून अर्ज करताना तिच्या पगाराचा एक रुपयाही हिशेबात धरला जात नाही. तिथे गेल्यावर तिला चांगली नोकरी मिळेल, हा युक्तिवादही सहसा चालत नाही. पाहिला जातो तो ब्रिटनमधल्या जोडीदाराचा पगार, तोही एकाच ठिकाणी किमान सहा महिने नोकरी झाल्याच्या पुराव्यासह. सहा महिने झाले नसतील तर मागच्या १२ महिन्यांची कमाई दाखवावी लागते.

काही वाटा मात्र खुल्या आहेत. घरभाड्यासारखे नोकरीबाहेरचे उत्पन्न दोघांपैकी कोणाचेही असले तरी धरता येते. बचतही दोघांची चालते. तिचे सूत्र असे : पहिले १६,००० पौंड सोडून द्यायचे आणि उरलेल्या रकमेला अडीचने भागायचे. उत्पन्न काहीच नसेल तर ८८,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे एक कोटी रुपयांची बचत लागते. पगार २५,००० पौंड असेल तर चार हजारांची तूट भरून काढायला २६,००० पौंड, म्हणजे साधारण ३० लाख रुपये.

ही रक्कम सामान्यतः सहा महिने खात्यात असावी लागते आणि हवी तेव्हा काढता येण्यासारखी असावी लागते. आई-वडिलांनी दिलेले पैसे चालतात, पण ते कर्ज नसावे. म्हणून लग्नाच्या आदल्या महिन्यात खात्यात टाकलेल्या रकमेचा उपयोग होत नाही. तारीख काढण्याआधीच हा हिशेब मांडावा लागतो.

ज्यांच्या जोडीदाराला अपंगत्वाचे किंवा आजारी व्यक्तीची काळजी घेण्याबद्दलचे ठरावीक भत्ते मिळतात, त्यांना २९,००० ची अट लागू नसते. त्यांना पुरेसा उदरनिर्वाह होतो एवढेच दाखवावे लागते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली. मात्र मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या इतर स्रोतांचा नीट विचार नियमांत झालेला नाही, असे बजावले. त्यामुळे अपवादात्मक परिस्थितीत इतर स्रोतही विचारात घेतले जातात.

खर्च किती?

एप्रिल २०२५ च्या दरांनुसार ब्रिटनबाहेरून करायच्या अर्जाचे शुल्क १,९३८ पौंड. आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड या दराने ३३ महिन्यांच्या व्हिसासाठी ३,१०५ पौंड. म्हणजे पहिल्याच पायरीला ५,०४३ पौंड, सुमारे सहा लाख रुपये.

त्यानंतर अडीच वर्षांची मुदतवाढ आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज. तिन्ही टप्प्यांची बेरीज त्याच दरांनी जवळपास १२,००० पौंड, म्हणजे १४ लाख रुपयांच्या घरात जाते. यात वकील, भाषांतर आणि परीक्षांचा खर्च धरलेला नाही.

याशिवाय भारतीय अर्जदाराला क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रात करावी लागते. इंग्रजीची अट पहिल्या व्हिसाला ए-१, मुदतवाढीला ए-२ आणि कायम वास्तव्याला बी-१ अशी चढत जाते. विवाह प्रमाणपत्र किंवा इतर कागद इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडावे लागते. लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव पासपोर्ट, प्रमाणपत्र आणि बँक खात्यात वेगवेगळे असेल तर ते आधी जुळवून घेतलेले बरे.

गोवेकरांसाठी काय बदलले?

१९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीमुळे अनेक गोवेकरांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळाले. त्या पासपोर्टवर ते ब्रिटनमध्ये गेले. इंग्लंडमधील स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर संघाच्या नियमांनुसार त्यांना जोडीदार आणायला उत्पन्नाची ही अट नव्हती.

ब्रेक्झिटनंतर रेषा आखली गेली ती ३१ डिसेंबर २०२० या तारखेची. नाते त्याआधीचे असेल तर ‘ईयू सेटलमेंट स्कीम’खाली जोडीदाराला विनाशुल्क येता येते. नाते नंतर जुळले असेल तर स्विंडनच्या गोदामात काम करणाऱ्या गोवेकरालाही २९,००० पौंडांची तीच पायरी चढावी लागते. एकाच घरातल्या थोरल्या भावाची बायको पूर्वीच्या नियमाने आली आणि धाकट्याची येऊ शकत नाही, अशी स्थिती यातून निर्माण होऊ शकते.

पूर्वी परिस्थिती सोपी होती का?

नाही. अट वेगळी होती, संशय तोच होता. १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर, वाग्दत्त वराशी लग्न करायला आलेल्या एका भारतीय महिलेची ‘कौमार्य चाचणी’ केल्याचे उघड झाले. त्यावर भारताने निषेध नोंदवला आणि ही पद्धत बंद झाली. १९८० च्या दशकात ‘प्रायमरी पर्पज रूल’ आला. आपल्या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे जोडप्यालाच सिद्ध करावे लागे. त्याचा फटका प्रामुख्याने दक्षिण आशियाई कुटुंबांना बसला. १९९७ मध्ये तो नियम रद्द झाला. आधी हेतूवर संशय घेतला जात होता, २०१२ पासून पगाराची पावती तपासली जाते.

तिथे पोहोचल्यावर धोका कोणता?

या व्हिसावर नोकरी करता येते, एनएचएसची आरोग्यसेवा मिळते. बहुतेक सरकारी भत्ते मात्र मिळत नाहीत. परवाना नात्यावर टिकून असल्याने नाते तुटले की राहण्याचा आधारही जातो. ‘तुझा व्हिसा रद्द करीन’ या धमकीत जोर येतो तो त्यामुळेच.

पण कायद्यात यावर तरतूद आहे. घरगुती हिंसाचारामुळे नाते तुटले असेल तर पीडित व्यक्ती पाच वर्षे पूर्ण होण्याआधीच स्वतंत्रपणे कायम वास्तव्यासाठी अर्ज करू शकते. पत्नीला भारतात आणून तिथेच सोडून देण्याच्या प्रकारांसाठीही जानेवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये परतण्याचा मार्ग खुला झाला आहे. भारतात विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अनिवासी भारतीयांशी होणाऱ्या विवाहांसाठी सर्वंकष कायद्याची आणि सक्तीच्या नोंदणीची शिफारस केली आहे. परदेशी जाणाऱ्या मुलीने पासपोर्ट, व्हिसाचे तपशील आणि विवाह प्रमाणपत्राच्या प्रती स्वतःजवळ आणि माहेरी ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

पुढे काय?

मर्यादा कमी करायची तर स्थलांतर वाढवल्याचा आरोप, वाढवायची तर कुटुंबे तोडल्याचा ठपका, अशा पेचात ब्रिटन सरकार आहे. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत बहुतेक स्थलांतरितांसाठी कायम वास्तव्याचा कालावधी पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव आला. ब्रिटिश नागरिकांच्या जोडीदारांसाठी मात्र तो पाच वर्षेच ठेवण्याचे त्यात म्हटले आहे. भाषेच्या अटी सर्वच मार्गांवर कडक करण्याकडे कल आहे.

ज्यांच्या घरी असे लग्न ठरत आहे, त्यांनी पत्रिका छापण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : जोडीदाराकडे तिथला नेमका कोणता परवाना आहे, त्याचा मागच्या सहा महिन्यांचा पगार किती आहे आणि तूट असेल तर बचत कोणाच्या खात्यात आणि केव्हापासून आहे. शुल्क आणि मर्यादा बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी ब्रिटन सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरचेच आकडे धरावेत, एजंटाने मागच्या वर्षी सांगितलेले नव्हेत.