चित्राखाली नाव, साजाखाली भाव

कोल्हापुरात निसर्गचित्रांना प्रेक्षक शोधावा लागत नाही. आबालाल रहिमान यांनी रंकाळ्याकाठचा संध्यामठ, कोटितीर्थ जलरंगांत उतरवलं, तेव्हापासून गावाला पाण्यावरचा उजेड बघायची सवय आहे. सिनेमातले चंद्रकांत मांढरेही कॅमेऱ्यापुढून उठले की निसर्गचित्रं रंगवत. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात आजही गर्दी होते.

आमची तक्रार वेगळी आहे. चित्रप्रदर्शनात हल्ली हातघडणीचे दागिनेही मांडतात. पण दाराजवळच्या टेबलावर, येता-जाता बघण्यापुरते. चित्राखाली चित्रकाराचं नाव, दागिन्याखाली नुसती किंमत! कोल्हापुरी साजाचं एक पान, म्हणजे हारातलं एक पदक, जवळून बघा. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून मासा, कासव, कारलं, भुंगा उठवायचा, पोकळी लाखेनं भरायची, मग जवमण्यांमधे ओवायचं. पत्रा फाटला की पहिल्यापासून सुरुवात. हुपरीच्या चांदीकामातले घरोघरचे हातही असेच बिननावाचे.

या अंकात म्हणून चित्रं आणि दागिने समोरासमोरच्या पानांवर घेतले आहेत, कारागिरांच्या नावांसकट. नाव द्यायला काही जण संकोचले. आम्ही हट्ट सोडला नाही.